केवड्याच्या पानांची टोपी

मी जन्माची भित्री आहे. कुणी पालीला घाबरतं, कुणी विमानाला. मी नियमांना घाबरते. सिंगापुरात राहायला आल्यावर तर या भीतीला रान मोकळं मिळालं. लिफ्टमध्ये पाटी, जिन्यात पाटी, कचऱ्याच्या झाकणावरही पाटी. नवरा आणि मी दोघंही कामाच्या पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर, इथे आहोत, आणि पास म्हणजे काय ते पासवर राहणाऱ्यालाच कळतं. नोकरी आहे तोवर घर आहे. सरकारी नावाने एखादं ईमेल आलं की ते डेंग्यूच्या डासांबद्दल असलं तरी उघडायच्या आधी मी देवाचं नाव घेते. आणि घाबरले की मी ओरडते. नवरा म्हणतो, तुझा आवाज चढला की मी आधी बघतो, हिला आता कशाची भीती वाटली.

आमचा भाड्याचा फ्लॅट बुकित पंजांगला आहे. बाबा गेल्यावर आईला मी तिथे घेऊन आले. राजापूरच्या अलीकडच्या आमच्या गावात ती एकटी राहणार कशी, आणि पुण्यात भावाकडे तिचा जीव गुदमरायचा. तिचा इथला पास माझ्या पासला बांधलेला आहे. माझा गेला की तिचाही गेला. हे मी तिला आल्या आल्याच समजावून सांगितलं होतं. नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण मी सांगितलं ते माझ्या पद्धतीने.

झालं असं की आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात आई सकाळी खाली गेली आणि देवाला म्हणून ब्लॉकच्या कुंपणावरची तीन-चार जास्वंदीची फुलं तोडून घेऊन आली. पदरात फुलं, चेहऱ्यावर आनंद. "अगं, इतकी लाल जास्वंद, आणि कुणी तोडतच नाही," म्हणाली. माझं धाबं दणाणलं. मी तिला तिथेच दारात उभं करून ऐकवलं. इथे पान तोडलं तरी दंड होतो, कॅमेरे लावलेले असतात, घरी माणसं येतात, माझा पास जाईल, बॅगा भरून सगळ्यांना परत जावं लागेल. यातलं निम्मं खरं होतं आणि निम्मं माझ्या भीतीने रचलेलं. आईने फुलं मुकाट्याने वर्तमानपत्रात गुंडाळली आणि केराच्या डब्यात तळाशी घातली, वर भाजीची देठं टाकली. त्यानंतर ती देवाला दुकानातून आणलेली फुलं वाहायची आणि दर वेळी ती फुलं नाकाशी नेऊन बाजूला करायची, "वास नाही गं याला."

दिवसभर मी ऑफिसात, नवरा निम्मा महिना दौऱ्यावर. आई एकटी. टीव्हीवर तिचा जीव रमेना. साखरेमुळे डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून सकाळी ती कालव्याच्या कडेच्या रस्त्याने फेरी मारून यायची. बाकी वेळ ती दार उघडं ठेवून कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून लसूण सोलत बसायची. आमच्या घरात इतका लसूण कधी लागला नव्हता.

त्या खुर्चीमुळेच शेजारणीशी तिची गाठ पडली. शेजारीण मलय, वय आईएवढंच, नवरा नाही, मुलं लांब. मी तिला मकचिक म्हणते, म्हणजे मावशी. आई तिला काहीच म्हणत नसे. ती मराठीत बोलायची, मकचिक मलयमध्ये, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. एकदा मी घरी लवकर आले तर दोघी मांडी घालून कोळंबी सोलत होत्या आणि आई तिला बाबांच्या आजारपणाबद्दल सांगत होती, अगदी औषधांच्या नावांसकट. मकचिक मान डोलावत होती. मला हेवा वाटला. मला ती इतकं कधी सांगत नाही.

मकचिकच्या हॉलमध्ये भिंतीवर एक टोपी टांगलेली आहे. टोपी म्हणजे आपली डोक्यावर घट्ट बसणारी नव्हे. परातीएवढी रुंद, मध्ये निमुळती, वाळलेल्या पानांच्या पट्ट्यांची विणलेली. आईने ती पाहिली आणि तिथेच थबकली. "हे तर इरल्याचं धाकटं भावंड," ती मला म्हणाली. आमच्याकडे लावणीच्या वेळी बायका पाठीवर इरलं घ्यायच्या, बांबूच्या कामट्या आणि आत पानांचा थर. वाकून काम करताना डोकं, पाठ, सगळं झाकलं जायचं. प्लास्टिकचे कागद आले आणि इरली गोठ्याच्या माळ्यावर गेली. आईला वाटत होतं की ती आता कुठेच पाहायला मिळणार नाहीत.

त्या टोपीची हकिगत मकचिकने मला इंग्रजीत सांगितली आणि मी आईला मराठीत. ईस्ट कोस्टला आज लोक जिथे सायकली चालवतात तिथे तिच्या लहानपणी समुद्र होता, आणि समुद्राच्या काठाला त्यांचं गाव. पुढे समुद्रात भर घालून जमीन केली, गावं उठली, माणसं फ्लॅटमध्ये आली. त्या गावात तिची आई ओहोटीच्या वेळी शिंपले वेचायला जायची. तासन्‌तास वाकून काम, वरून ऊन, खालून पाण्याची तिरीप. म्हणून टोपी रुंद. आतल्या बाजूला पानांचंच एक कडं विणलेलं असतं, ते डोक्यावर बसतं, आणि टोपी त्याच्यावर अधांतरी राहते. डोकं आणि टोपी यांच्यामधून वारा खेळतो. शिंपले जास्त मिळाले की तीच टोपी उलटी करून टोपली व्हायची. जेवणावर झाकायला तीच, चूल फुंकायला तीच, आणि मूल रांगायला लागलं की उन्हात त्याच्यावर पालथी घालायला तीच. दर वर्षी नवी विणायची, जुनी चुलीत. ही शेवटची, फ्लॅटमध्ये आल्यावर विणलेली. समुद्र नव्हता, शिंपले नव्हते, तरी मकचिकच्या आईने विणली, आणि वापरायला कुठे नाही म्हणून ती टिकली.

टिकली म्हणजे कशीबशी. कड झिजून तिचा भुगा व्हायला लागला होता. मकचिकने हात लावून दाखवलं तर बोटांवर पिवळी पूड आली. आईने ती पूड आपल्या तळहातावर घेतली, वास घेतला, मग टोपी उलटी करून आतली वीण बराच वेळ पाहिली. नारळाच्या चुडतांचे झाप विणण्यात तिची हयात गेली होती. "एक वर, दोन खाली," ती म्हणाली. "जमेल मला."

मी हो हो म्हटलं. मला बरंच वाटलं. निदान लसूण तरी कमी होईल.

पानं कसली, हेही तेव्हाच कळलं. मकचिक त्यांना मेंगकुआंग म्हणायची. मी फोनवर चित्र शोधून आईला दाखवलं आणि आई हसायला लागली. "केवडा आहे हा," म्हणाली. अगदी तोच नसला तरी त्याच कुळातला. लांब तलवारीसारखी पानं, दोन्ही कडांना काटे, मधल्या शिरेलाही खालून काटे. मकचिकचा भाचा मलेशियात जोहोरला राहतो, तो पुढच्या फेरीत पानं घेऊन येईल असं ठरलं. भाचा येईपर्यंत दोघी जुन्या टोपीची कड उलगडत बसल्या.

इथून पुढचं मला नंतर कळलं, पण ते घडलं त्या क्रमानेच सांगते. भाचा काही आला नाही. आणि आईला सकाळच्या फेरीत कालव्याच्या वळणाजवळ, जिथे पाणी साचून चिखल झालेला असतो, तिथे केवडा दिसला. खांबासारख्या मुळांवर उभा, माणसापेक्षा उंच. रोज ती त्याच्याकडे बघत पुढे जायची. एके दिवशी पिशवीत सुरी टाकून गेली. केवड्याच्या बनात नाग असतो हे ऐकत लहानाची मोठी झालेली बाई ती. काठीने आधी चिखल बडवला असणार, मग चपला काढून आत उतरली, पानं कापली, पिशवीत दुमडून भरली, वर भाजीच्या दुकानातली कोथिंबीर ठेवली आणि घरी आली. पानांचे काटे काढताना, कापताना तिच्या हातांवर ओरखडे उठले. एक मनगटापाशी खोल गेला.

मला संध्याकाळी दिसली ती मनगटावरची चिंधी. "काय झालं?"

"विळीवर खोबरं खवताना लागलं."

माझं डोकं फिरलं. ती विळी तिने गावाहून सामानातून आणली होती आणि विमानतळावर ती बाहेर काढतील या भीतीने मी आधीच अर्धमेली झाले होते. मी विळीवरच तोंडसुख घेतलं. मिक्सर आहे, खवलेलं खोबरं पाकिटात मिळतं, साखर असलेल्या माणसाने जखम करून घ्यायची म्हणजे काय. आई ऐकत राहिली. मी हळद लावून दिली, वर पट्टी बांधली आणि विळी कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिली, तिच्या हाताला लागणार नाही अशी.

जखम वरून सुकल्यासारखी दिसत होती. मग एके दिवशी आई सकाळच्या फेरीला उठली नाही. कपाळ तव्यासारखं. खालच्या क्लिनिकमध्ये नेलं, त्यांनी गोळ्या दिल्या. ताप उतरला, मी ऑफिसात गेले, ताप पुन्हा चढला. खोकला सुरू झाला. बोलताना तिला दम लागायला लागला, आणि दम लागतोय हे लपवण्यासाठी ती बोलेनाशी झाली. दुपारी मी घरी आले तेव्हा ती पलंगावर बसून होती, आडवं पडलं की श्वास घेता येत नाही म्हणून, आणि मला म्हणाली, "आलीस का, चहा ठेवू?" तिचे ओठ मला निळसर दिसले. मला ओरडतासुद्धा येईना.

नोव्हेनाला एका हॉस्पिटलात आम्ही पोहोचलो. नवरा दौऱ्यावर होता. आत नेऊन त्यांनी तिला ऑक्सिजन लावला, रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला. एक तरुण डॉक्टर बाई आल्या, शांत बोलणाऱ्या. दोन्ही फुप्फुसांत संसर्ग आहे, त्या म्हणाल्या, आणि रक्तातही गेल्याची शंका आहे. कोणता जंतू ते कळायला वेळ लागेल. तोवर नेहमीचं औषध सुरू केलंय. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मी मध्ये बसून भाषांतर करायला लागले.

बाहेरगावी गेला होता का? नाही. घरात प्राणी? नाही. बागकाम करता का? मातीत हात घातला होता का? चिखल, साचलेलं पाणी, नाला?

आईने माझ्याकडे पाहिलं. मास्कच्या वर नुसते डोळे. "नाही," म्हणाली. "मी घरातच असते."

"ही जखम कशी झाली?"

"विळीवर."

विळी म्हणजे काय हे इंग्रजीत सांगताना मी इतकी गडबडले की डॉक्टर बाईंना वाटलं असेल, घरात काहीतरी भयंकर यंत्र आहे. पण त्यांनी मातीचा प्रश्न पुन्हा विचारला, शब्द बदलून. चालायला कुठे जाता? पाय ओले झाले होते? आई मान हलवत राहिली. नाही, नाही, नाही. मीही ठामपणे सांगितलं, आमच्या फ्लॅटमध्ये एक कुंडीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती अतिदक्षता विभागात होती. औषधाचा उपयोग होत नव्हता. काचेच्या पलीकडे ती इतकी लहान दिसत होती की मला पहिल्यांदा दुसरीच कुणी बाई वाटली. नळ्या, पट्ट्या, आणि बाजूच्या पडद्यावर आकडे. आकडा खाली आला की यंत्र पिंगपिंग करायचं. नर्स यायची, काहीतरी दाबायची, आवाज थांबायचा. मी देवाला म्हटलं, हिला नेऊ नको. इतकंच म्हणत राहिले, नवस बोलायचंही सुचलं नाही. भावाचा फोन आला तर मला रडूच फुटलं. तो तिकडे घाबरून नुसता "हॅलो, हॅलो" करत राहिला.

दुपारी नर्सनेच मला घरी पिटाळलं, आंघोळ करून, काही खाऊन, आईचे कपडे घेऊन या म्हणाली. मी ब्लॉकच्या लिफ्टमधून बाहेर आले तर मकचिक कॉरिडॉरमध्येच उभी. तिने माझा हात धरला, आई कशी आहे विचारलं, आणि मला आपल्या घरात नेलं. तिला माझ्या हातून आईला काहीतरी पाठवायचं होतं. टेबलावर एक नवी टोपी होती. पूर्ण झाली नव्हती, कडेच्या पट्ट्या सुट्या लोंबत होत्या, पण मधला उंचवटा झाला होता, आणि आतलं कडंही. हिरवट पिवळी, ओल्या गवतासारख्या वासाची.

"पानं भाच्याने आणली?" मी विचारायचं म्हणून विचारलं.

मकचिकने मान हलवली. "तुझ्या आईने आणली," ती म्हणाली. कुठून, असं तिने आईला विचारलं होतं, तर आईने खिडकीतून खाली कालव्याकडे बोट दाखवलं आणि मग तेच बोट ओठांवर ठेवलं.

मला आधी काही समजेना. मग मकचिकने आपले दोन्ही हात पुढे करून, चालताना पाय चिखलात रुततात तसं करून दाखवलं आणि मनगटावर रेघ ओढली.

तिथून निघाले ती कपडे न घेताच. लिफ्ट खाली येत होती तेवढ्या वेळात माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू. मला पास आठवला. आता हे डॉक्टरांना सांगायचं, ते कागदावर लिहिणार, कागद कुठे जातो कोण जाणे, सरकारी जागेतली झाडं कापली, चिखलात उतरली. आणि लिफ्टचं दार उघडलं तेव्हा मला काचेमागची आई दिसली आणि बाकी सगळं डोक्यातून गेलं. टॅक्सीत बसून मी वॉर्डला फोन लावला. डॉक्टर बाई फोनवर येईपर्यंत मी ड्रायव्हरला तीनदा लवकर चला म्हटलं असेन.

मी भडाभडा सांगितलं. चिखल, साचलेलं पाणी, अनवाणी पाय, पानांचे काटे, मनगटावरचा ओरखडा, पट्टीखाली लावलेली हळद, सगळं.

मग त्यांनी एकच विचारलं, "हे साधारण केव्हा झालं?" मी सांगितलं. "थँक यू, मॅडम," त्या म्हणाल्या, "मी लगेच औषध बदलते," आणि फोन ठेवला.

हॉस्पिटलला पोहोचले तेव्हा नवीन बाटली लावून झाली होती. या भागात मातीत आणि साचलेल्या पाण्यात एक जंतू असतो, डॉक्टर बाईंनी मला समजावलं. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही, साखरेच्या माणसाला धरतो, आणि धरला की फार वाईट. साध्या औषधांना तो दाद देत नाही. त्याचं औषध वेगळं आहे. मी विचारलं, वाचेल ना? त्या म्हणाल्या, अजून मी तसं सांगू शकत नाही. उशीर झालाय, पण फार झाला असं नाही. मग त्यांनी रक्ताच्या तपासणीचं काही सांगितलं, ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी त्यांना विचारायचं ते विचारून टाकलं, पानं तोडल्याबद्दल तुम्हाला कुणाला कळवावं लागेल का?

त्यांना प्रश्न कळलाच नाही. मी दोनदा विचारला. मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही काही खाल्लंय का?"

पुढचे दिवस जीव टांगणीला लागलेला. नवरा दौरा सोडून आला. भाऊ व्हिसाच्या मागे लागला. मी काचेपलीकडे बघत बसायचे आणि तिच्या छातीबरोबर आपोआप माझाही श्वास चालायचा. तिचा अडकला की माझा अडकायचा. मग रक्तात तोच जंतू सापडला. म्हणजे औषध बरोबर होतं. ताप लगेच नाही उतरला, हट्टी होता. एक दिवस थोडा, मग पुन्हा चढ, मग थोडा जास्त उतार. एका सकाळी काचेच्या आत गेले तर आईने डोळे उघडून माझ्या ओढणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही धुवायला टाक. किती मळलीय." मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले.

तिला साध्या वॉर्डात हलवलं तेव्हा कुठे मला झोप लागायला लागली. औषध शिरेतून अजून काही आठवडे, आणि मग गोळ्या कित्येक महिने. चालेल, म्हटलं. कितीही चालेल. मकचिक स्कार्फ बांधून, दोन गाड्या बदलून भेटायला आली, सोबत टोपीची कड पुरी करायला आणलेल्या पट्ट्या. त्यांत तो जंतू असला तर काय, म्हणून मी त्या वॉर्डात येऊ दिल्या नाहीत. ती रागावली नाही. दोघी हात धरून बसल्या आणि कॉरिडॉरमध्ये बोलायच्या तशा बोलायला लागल्या, एक मराठीत, एक मलयमध्ये.

मकचिक गेल्यावर मी घरून आणलेला डबा उघडला. मऊ भात, तूप, मीठ, वर मेतकूट. आईला बरं वाटत होतं, चेहऱ्यावर रंग आला होता, आणि मला वाटलं, आता विचारायला हरकत नाही. मी अगदी हळू आवाजात विचारलं. माझ्या हिशेबाने हळू.

"आई, डॉक्टर तीन-तीनदा विचारत होत्या. सांगितलं का नाहीस?"

ती चादरीची घडी सरळ करत राहिली.

"दंड होईल म्हणून? अगं, पानं तोडली म्हणून म्हातारीला कुणी देशाबाहेर काढत नाही. मी त्या दिवशी उगाच बोलले होते. सरकार काही परत पाठवत नाही कुणाला इतक्यासाठी."

"सरकारचं कोण म्हणतंय," आई म्हणाली.

शेजारच्या पलंगावरच्या बाईकडे टीव्ही चालू होता, त्यावर कुणीतरी स्वयंपाक करत होतं.

"त्या दिवशी तू फोनवर पुण्याला दादाला म्हणत होतीस," ती म्हणाली. "आता आणखी काही हिने केलं तर तिकीट काढून तुझ्याकडे पाठवून देते, माझ्याच्याने होत नाही. मी आत भाजी निवडत होते." चादरीची घडी तिने पुन्हा मोडली. "तिकडे मला कोण आहे गं. म्हणून म्हटलं, बोलायलाच नको. बरं वाटेल आपोआप."

मी तसं म्हटलं होतं. जास्वंदीच्या दिवशी की विळीच्या दिवशी, ते मला आठवेना. रागात म्हटलं असेन, घाबरून म्हटलं असेन, आणि फोन ठेवल्यावर विसरूनही गेले असेन.

मी भात कालवला, एक घास चमच्यात घेतला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड उघडलं, घास घेतला, चावायला लागली. पण तिची नजर भाताकडे नव्हती. ती माझा चेहरा बघत होती, मी रागावले आहे का ते.